एक लाख तांदूळ आणि एकोणीस एक

विनोबांच्या घरातील एक आठवण मराठी वाचकांस परिचित आहे. त्यांच्या मातोश्री रुक्मिणीबाई यांनी देवाला एक लाख तांदूळ वाहण्याचा संकल्प केला होता आणि त्या रोज दाणा दाणा मोजून वाहत असत. वडिलांनी, नरहरपंतांनी, ते पाहिले आणि सोपा उपाय सुचविला. तोळाभर तांदूळ घ्यावेत, त्यातील दाणे मोजावेत, त्यावरून लाखाचे वजन काढावे आणि कमी पडू नये म्हणून थोडे अधिक घालावेत. मातोश्रींनी मुलाला विचारले. मुलाचे म्हणणे असे पडले, की हे काम हिशोबाचे नव्हे. एकेका दाण्याबरोबर देवाचे स्मरण घडते, म्हणून मोजणे एकेकानेच व्हावे.

ही गोष्ट भक्तीची म्हणून सांगितली जाते, आणि ते योग्यच आहे. आम्हांस मात्र तिच्यात गणिताच्या इतिहासातील एक जुना प्रश्न दिसतो. एखाद्या मोठ्या संख्येविषयी आपण काही विधान करतो, तेव्हा ते खरे आहे हे कशावरून? एकेक दाणा मोजून, की तोळाभर नमुना तपासून? की याहून वेगळा असा तिसरा मार्ग आहे? प्रस्तुत लेखात आम्ही हा प्रश्न एका विशिष्ट संख्येपुढे ठेवणार आहोत. ती संख्या लिहिण्यास अत्यंत सोपी आहे. एकापुढे एक असे एकोणीस एक मांडले की झाले:

१११११११११११११११११११

ही मूळ संख्या आहे. एक आणि ती स्वतः यांखेरीज तिला विभाजक नाही. भास्कराचार्यांनी लीलावतीत दिलेल्या स्थानांच्या नावांत परार्ध हे अठरावे आणि शेवटचे. आपली संख्या त्या यादीच्या एकच घर पुढे जाते.

*

संख्येकडे पाहण्याचे जे दोन मार्ग वरील गोष्टीत दिसतात, त्यांचे दोन थोर प्रतिनिधी जुन्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्याने दिले. विनोबा हे पेण तालुक्यातील गागोद्याचे. जन्म ११ सप्टेंबर १८९५. ईश्वराखालोखाल आपणांस गणित प्रिय आहे, असे ते सांगत. त्यांच्या गद्याची रेखीव मांडणी आणि भूदानात जमिनीचा सहावा हिस्सा मागण्याची त्यांची पद्धत, या दोहोंत ते गणितप्रेम उमटलेले आहे. चिंतामणराव देशमुख हे रोह्याचे. जन्म महाडजवळील नाते येथे, १४ जानेवारी १८९६ रोजी, म्हणजे विनोबांनंतर अवघ्या चार महिन्यांनी. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, पुढे केंद्रीय अर्थमंत्री, आणि भारतीय सांख्यिकी संस्थेचे दीर्घकाळ अध्यक्ष. राष्ट्रीय नमुना पाहणीस प्रारंभ झाला तो १९५० साली, म्हणजे ज्या वर्षी ते अर्थमंत्री झाले त्याच वर्षी. कोट्यवधी घरे एकेक करून तपासणे अशक्य असते. योग्य रीतीने निवडलेली काही हजार घरे तपासून देशाविषयी विधान करता येते. नरहरपंतांचा तोळा तो हाच. त्यास शास्त्राचे रूप आले आणि त्यावर राज्यकारभार चालू लागला.

दोन्ही मार्ग आपापल्या जागी थोर आहेत. परंतु संख्या हीच ज्याच्या कुतूहलाचा विषय आहे, मोक्ष किंवा राज्य यांपैकी कशासाठीही जो तिच्याकडे येत नाही, असा मनुष्य यांत कोठे बसतो? त्याचा शोध घेण्यास पेण-रोह्याबाहेर जावे लागते, पण फार दूर नव्हे. आज रोह्याहून नागोठणे, पेण, पनवेल करीत जाणारी गाडी दिव्यास मुख्य मार्गाला मिळते. तेथून कल्याणच्या दिशेने दोन स्थानके पुढे डोंबिवली लागते. पेण-रोह्यास रेल्वे पोहोचण्याच्या पुष्कळ आधी, लोक धरमतरच्या खाडीतून बोटीने मुंबई गाठत त्या काळात, डोंबिवलीच्या स्थानकावर गाडी बदलताना एका शाळामास्तरांस एक कल्पना सुचली. त्या स्थानकाच्या नावावरून त्यांनी आपल्या संख्यांस 'डेम्लो संख्या' असे नाव दिले.

*

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. शालेय शिक्षण ठाण्यास आणि पुढील शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात झाले. १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले. १९२९ मध्ये ते पदवीधर झाले आणि १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षे त्यांनी देवळालीस शाळेत शिकविले. 'गणितानंद' हे त्यांनी स्वतःसाठी योजलेले नाव. ते १९८६ मध्ये निवर्तले.

डेम्लो संख्यांविषयीचे त्यांचे टिपण १९३८ मध्ये 'मॅथेमॅटिक्स स्टुडंट' या नियतकालिकात आले. त्यांतील सर्वांत देखण्या संख्या आपणांस शाळेपासून ठाऊक आहेत. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१, ११११ चा १२३४३२१. आणि नऊ एकांचा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१. केवळ एकांनी बनलेल्या संख्यांस इंग्रजीत 'रेप्युनिट' हे नाव १९६० च्या दशकात रूढ झाले. आम्ही या लेखापुरते त्यांना 'एकांची माळ' म्हणू.

आता अडचण अशी, की नऊ एकांपर्यंत चढत आणि उतरत जाणारी ही जिनेदार रचना दहाव्या एकापाशी मोडते. दहा एकांचा वर्ग १२३४५६७९००९८७६५४३२१ असा येतो. हातचे आल्यामुळे मधला आठ नाहीसा होतो. डोळ्यांस दिसलेला आकृतिबंध सत्य मानून पुढे चालणाऱ्याचा येथे पाय घसरतो. कापरेकरांच्या कामावर त्यांच्या हयातीत जो आक्षेप घेतला गेला त्याचे मूळ बहुधा येथेच असावे. आकड्यांची ही गंमत दशमान लेखनावर अवलंबून आहे, तिच्यात खोल असे काही नाही, असे मानून अनेक भारतीय गणितज्ञांनी तिकडे दुर्लक्ष केले. कापरेकरांनी आपले पुष्कळसे लेखन स्वतःच पुस्तिका छापून प्रसिद्ध केले. मार्टिन गार्डनर यांनी मार्च १९७५ मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन'मधील आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा ते जगास माहीत झाले. तोवर त्यांचे वय सत्तर झालेले होते.

आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. त्याची परीक्षा व्हावयास हवी. ती परीक्षा एकोणीस एकांच्या माळेवरच करता येते.

*

एकांची माळ मूळ केव्हा असते? पहिली अट सोपी आहे: माळेतील एकांची संख्या स्वतः मूळ हवी. सहा एक घ्या. त्यांना ११ ने भाग जातो (१०१०१ वेळा) आणि १११ नेही (१००१ वेळा), कारण सहांचे दोन-दोनांचे वा तीन-तीनांचे गट पाडता येतात. परंतु ही अट पुरेशी नाही. तीन एक म्हणजे ३ × ३७. पाच एक म्हणजे ४१ × २७१. सात एक म्हणजे २३९ × ४६४९. अकरा एक म्हणजे २१६४९ × ५१३२३९. तेरा एक म्हणजे ५३ × ७९ × २६५३७१६५३. सतरा एक म्हणजे २०७१७२३ × ५३६३२२२३५७. म्हणजे ११ नंतर एकोणिसांपर्यंत प्रत्येक माळ तुटते. एकोणीसची तुटत नाही.

हे कसे ठरवावे? मातोश्रींच्या मार्गाने, म्हणजे एकेक भाजक घेऊन, पाहू लागलो तर संख्येच्या वर्गमुळापर्यंत जावे लागेल. ते सुमारे १०५ कोटी आहे. येथे थोडी सवलत मिळते. तीनहून मोठ्या मूळ लांबीच्या माळेला ज्या मूळ संख्येने भाग जातो, तिच्यातून एक वजा केला असता उरणाऱ्या संख्येला माळेच्या लांबीच्या दुपटीने भाग गेलाच पाहिजे. वरील अवयव तपासावेत. ४० आणि २७० यांना १० ने भाग जातो. २३८ आणि ४६४८ यांना १४ ने. २१६४८ ला २२ ने. त्यामुळे एकोणीसच्या माळेसाठी ३८ च्या पटीपेक्षा एकाने मोठ्या अशाच संख्या तपासाव्या लागतात. तरीही उमेदवार पावणेतीन कोटींच्या घरात जातात.

नरहरपंतांचा मार्ग फर्मा या सतराव्या शतकातील फ्रेंच गणितीच्या नावावर आहे. कोणतीही मूळ संख्या घ्या. तिच्याहून एकाने कमी इतक्या वेळा २ स्वतःशी गुणला आणि गुणाकाराला त्या मूळ संख्येने (ती २ नसल्यास) भागले, तर बाकी १ उरतेच. एखादी मोठी संख्या या कसोटीस उतरली, की ती बहुतेक मूळ असते. तोळाभर तांदळांवरून लाखाचे अनुमान करावे तसेच हे. पण 'बहुतेक' म्हणजे सर्व नव्हे. ३४१ ही संख्या या कसोटीस उतरते. २ चा दहावा घात १०२४, म्हणजे ३४१ च्या तिपटीहून एकाने अधिक. म्हणून ३४० व्या घातासही बाकी १ च राहते. आणि ३४१ तर ११ × ३१ आहे. अशा वेळी 'थोडे अधिक' घालून भागत नाही. तांदूळ दहा जास्त पडले तर देव रागावणार नाही. मूळ संख्या थोडीशी मूळ असू शकत नाही.

तिसरा मार्ग एदुआर ल्युका याने १८७६ च्या सुमारास दाखविला आणि पुढे इतरांनी तो सुधारला. ज्या संख्येची परीक्षा करावयाची तिच्याऐवजी तिच्याहून एकाने लहान संख्येचे अवयव पाडावेत. ते सर्व हाती आले, तर फर्माच्या कसोटीत मोजक्या अधिक तपासण्यांची भर घालून निःसंदिग्ध सिद्धता मिळते. येथे एकांच्या माळेचा एक सुंदर गुण उपयोगी पडतो. एकोणीसच्या माळेतून एक वजा केला, की उरते ती अठरा एकांची माळ, दहाने गुणलेली. अठरांचे गट अनेक रीतींनी पडतात, म्हणून ती माळ सहज तुटते: ३ चा वर्ग, ७, ११, १३, १९, ३७, ५२५७९ आणि ३३३६६७ यांचा तो गुणाकार. दहाचे २ आणि ५ मिळविले की भिन्न मूळ अवयव एकूण दहा. पावणेतीन कोटी उमेदवारांचे काम दहा साक्षीदारांवर येते. धाकटी माळ तुटते आणि थोरली अभंग असल्याची साक्ष देते.

एकोणीस एकांची माळ मूळ असल्याची सिद्धता ऑस्कर हॉपे यांनी १९१८ मध्ये प्रसिद्ध केली. तेवीस एकांची माळ मूळ असल्याचे १९२९ मध्ये निश्चित झाले. त्यानंतरची मूळ माळ थेट ३१७ एकांची आहे, आणि तिची सिद्धता १९७० च्या दशकात, संगणक हाती आल्यावर झाली. १०३१ एकांची माळ ह्यू विल्यम्स आणि हार्वे डब्नर यांनी १९८६ मध्ये सिद्ध केली.

*

आता कापरेकरांकडे परत येऊ. त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या 'कापरेकर संख्या' अशा: ४५ चा वर्ग २०२५, त्याचे दोन भाग केले, २० आणि २५, आणि मिळविले की पुन्हा ४५. तसेच ५५ चा वर्ग ३०२५, आणि ३० व २५ मिळून ५५. ९९ चा वर्ग ९८०१, आणि ९८ व १ मिळून ९९. पाहणारा म्हणेल, गंमत आहे. पण कारण शोधू लागलो तर काय हाती येते पाहा. वर्गाचा डावा भाग शंभरांत मोजलेला आहे, उजवा एककांत. दोहोंची बेरीज मूळच्या संख्येइतकी असेल, तर वर्गातून ती संख्या वजा केल्यावर उरलेल्यास ९९ ने भाग गेला पाहिजे. म्हणजेच संख्या आणि तिच्याहून एकाने लहान संख्या यांच्या गुणाकाराला ९९ ने भाग जातो. या दोन लगतच्या संख्यांत सामाईक अवयव असूच शकत नाही. म्हणून ९९ चे दोन सहमूळ तुकडे होऊन एक तुकडा एकीकडे आणि दुसरा दुसरीकडे जावा लागतो. ९९ म्हणजे ९ × ११. तुकडे पाडण्याच्या रीती चार. त्यांतून १, ४५, ५५ आणि ९९ या चार संख्या मिळतात. यांतील १ क्षुल्लक म्हणून सोडावी.

डग्लस इआनुच्ची यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात हे सर्वसाधारण रूपात मांडले. कापरेकर संख्या किती आणि कोणत्या, हे नवांच्या माळेचे सहमूळ तुकडे किती रीतींनी पडतात यावर ठरते. आणि नवांची माळ म्हणजे एकांच्या माळेची नऊपट. याचा अर्थ असा, की देवळालीच्या शिक्षकाची 'गंमत' आणि एकांच्या माळेचे मूळपण हे एकाच प्रश्नाचे दोन चेहरे आहेत. वर्गाचा उजवा भाग अठरा अंकी धरला तर नवांच्या माळेत आठ भिन्न मूळ अवयव आहेत, म्हणून २५६ रीती आणि तितक्याच संख्या. एक घर पुढे, एकोणीस अंकी भाग धरला, की माळ मूळ असल्यामुळे सारे आटते आणि उरतात फक्त चार: १, अठरा आठ आणि शेवटी नऊ अशी एक संख्या, एकोणीस नऊ, आणि चौथी, एकोणीस एकांची माळ स्वतः.

वाचकांनी पडताळून पाहावे. एकोणीस एकांच्या वर्गाचे दोन भाग पुढीलप्रमाणे आहेत:

१२३४५६७९०१२३४५६७९०
०९८७६५४३२०९८७६५४३२१

यांची बेरीज केली की पुन्हा एकोणीस एक. आणि ज्या दहा एकांपाशी डेम्लो संख्यांचा जिना मोडला होता, तेथेही हेच घडते: १२३४५६७९० आणि ९८७६५४३२१ मिळून दहा एक. डोळ्यांस जेथे रचना मोडलेली दिसली, तेथे ती केवळ एक मजला खाली गेलेली होती. आक्षेप घेणाऱ्यांनी दशमान लेखनाचा दोष काढला. पण त्याच लेखनामागे नवांची माळ, आवर्ती अपूर्णांक आणि मूळ अवयव उभे होते. एकोणीसच्या माळेने एकास भागले तर अठरा शून्ये आणि एक नऊ हा गट अखंड आवर्तत राहतो, आणि एकोणीस अंकांचे आवर्तन देणारी ही जगातील एकमेव मूळ संख्या आहे. सहा अंकांचे आवर्तन ७ देते आणि १३ ही देते. एकोणिसाचा मान एकटीचा.

*

ऑगस्ट २००२ मध्ये कानपूरच्या आयआयटीतील मणींद्र अग्रवाल आणि त्यांचे विद्यार्थी नीरज कयाल व नितीन सक्सेना यांनी दाखवून दिले, की कोणतीही संख्या मूळ आहे की नाही हे संशयाला जागा न ठेवता, आणि अंकांच्या संख्येच्या मानाने आटोपशीर अशा वेळात, ठरविता येते. तत्त्वतः तांदळाचा प्रश्न तेथे सुटला. व्यवहारात प्रचंड संख्यांसाठी दीर्घवर्तुळी वक्रांवर आधारलेली पद्धत अधिक जलद ठरते. ४९,०८१ एकांची माळ डब्नर यांनी १९९९ मध्ये 'संभाव्य मूळ' म्हणून शोधली होती; ती खरोखर मूळ असल्याचे २०२२ मध्ये सिद्ध झाले. २००० साली सापडलेल्या ८६,४५३ एकांच्या माळेची सिद्धता २०२३ मध्ये आली. तेवीस वर्षे जगातील कोणाही जाणकारास त्या मूळ असल्याविषयी खरी शंका नव्हती. तरीही तेवीस वर्षे त्यांच्या नावापुढे 'संभाव्य' हा शब्द राहिला, आणि तो काढण्यासाठी माणसे झिजली. गणिताचा हा प्रामाणिकपणा आम्हांस फार मोठा वाटतो. २०२१ मध्ये सापडलेली ८१,७७,२०७ एकांची माळ 'संभाव्य' म्हणूनच नोंदली गेली आहे. अशा मूळ माळा अनंत आहेत काय, हा प्रश्नही उघडाच आहे.

२०२४ च्या ऑक्टोबरात ४,१०,२४,३२० अंकांची एक मूळ संख्या जाहीर झाली: दोनाचा १३,६२,७९,८४१ वा घात, उणे एक. तिला मर्सेनच्या नावाने ओळखतात. पण संगणकाच्या द्विमान लिपीत ती लिहिली, तर तेथेही दिसते एकांची माळच, १३,६२,७९,८४१ एकांची.

कापरेकरांचे आज आपण कौतुक करतो ते बहुधा चमत्कार म्हणून. ६१७४ ही संख्या निरोपांतून फिरते, तिच्याखाली अभिमानाचे चार शब्द येतात, आणि विषय संपतो. पूर्वीच्या उपेक्षेत आणि या कौतुकात एक गोष्ट सारखी आहे: दोन्हींत त्यांचे गणित कोणी तपासत नाही. त्यांनी दाखविलेल्या रचनांपैकी कोणत्या वरवरच्या आहेत आणि कोणत्या खोल, हे पाहिल्याशिवाय त्यांचा खरा सन्मान होणार नाही. आमच्या शाळांतून आवर्ती अपूर्णांक आणि मूळ अवयव हे दोन्ही धडे शिकविले जातात. कापरेकर संख्या हा त्या दोन धड्यांना जोडणारा पूल आहे, आणि तो एका मराठी शिक्षकाने बांधलेला आहे, हे मात्र सांगितले जात नाही.

विनोबांच्या मातोश्रींनी एकही दाणा न मोजता सोडला नाही. नरहरपंतांना वाटले की लाखासाठी लाख वेळा हात हलविणे हा व्यर्थ श्रम आहे. गणितातील सिद्धतेमध्ये दोघांचेही म्हणणे राहते. ती पावणेतीन कोटी वेळा हात हलवीत नाही, आणि तरीही तिच्या हातून एक दाणा सुटत नाही.